वस्तीशेजारी महामार्गावरचा मोठा फूड मॉल येतोय: रहिवासी आणि दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहिसर, मुलुंड, मानखुर्द, सायन अशा महामार्गाला लागून असलेल्या वस्त्यांसाठी हे पान आहे. इथे ‘फूड मॉल’ म्हणजे साखळी कंपनीचा मोठा थांबा: पेट्रोल-डिझेल-सीएनजीचा पंप, खाण्याचे स्टॉल, छोटं सुपरमार्केट, शौचालयं आणि पार्किंग एकाच आवारात, चोवीस तास उघडं.

जागेभोवती पत्रे लागलेत. आत नक्की काय येतंय, हे कसं कळेल?

आधी जागेचा सीटीएस क्रमांक, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, मिळवा. कुंपणावरच्या माहितीफलकावर तो असतो. फलक नसेल, तर शेजारच्या सोसायटीच्या प्रॉपर्टी कार्डावरून अंदाज येतो. त्या क्रमांकावर महापालिकेचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातल्या नोंदीचा उतारा, काढा. जमीन रहिवासी, व्यापारी की आरक्षित, रस्तारुंदीची रेषा कुठून जाते, हे त्यात दिसतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असा नियम आहे, म्हणून पंपाचा आणि बांधकामाचा अर्ज वेगवेगळा करा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलेला अर्ज हमखास रेंगाळतो. कागदाचं नाव घालून मागा: मंजूर नकाशा, आयओडी (पहिली मंजुरी) आणि त्यातल्या अटी, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय, रस्त्यावरून प्रवेशाची परवानगी.

आता हरकत घेऊन उपयोग आहे का?

काम कुठल्या टप्प्यावर आहे, त्यावर अवलंबून आहे. आयओडी म्हणजे अटींसह दिलेली पहिली मंजुरी. सीसी मिळाली की बांधकाम सुरू होतं आणि ओसी, म्हणजे वापराचा दाखला, मिळाली की वापर. आयओडीच्या आधी गेटची जागा, पार्किंगची रचना, जनरेटर कुठे बसवायचा, हे सगळं बदलून मागता येतं. सीसीनंतर नकाशातले बदल अवघड होतात, पण अटी पाळल्या जातायत की नाही हे तपासायला लावता येतं. ओसी मिळाल्यावर हातात उरतात त्या फक्त तक्रारी. म्हणून ‘मॉल नकोच’ या एका मागणीवर सहा महिने घालवू नका. त्या काळात गेट कुठे असावं हे ठरून जातं, आणि पुढची वीस वर्षं त्रास होतो तो गेटचाच.

पेट्रोल पंप घरांपासून, शाळेपासून किती लांब हवा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचं रुग्णालय आणि स्थानिक कायद्यानुसार रहिवासी म्हणून ठरवलेलं क्षेत्र यांपासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर पेसोने (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था) सांगितलेले जादा सुरक्षा उपाय करून अंतर कमी करता येतं, पण कुठल्याही परिस्थितीत ३० मीटरच्या आत नाही. पंपावरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाता कामा नये.

मोजताना लोक हमखास चुकतात. अंतर मॉलच्या कुंपणापासून धरायचं नसतं. टाकीत इंधन ओततात ते तोंड, इंधन भरायचं यंत्र आणि टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप, या तिघांपैकी तुम्हाला जे सर्वांत जवळ असेल तिथून मोजायचं. टँकर उभा करण्याच्या सोयीसाठी टाकीचं तोंड बऱ्याचदा आवाराच्या कडेला येतं, आणि तीच कडा तुमच्या चाळीची असू शकते. मंजूर नकाशावर हे तीन बिंदू शोधा आणि पट्टीने प्रमाण लावून अंतर काढा.

साठवणुकीचा परवाना पेसो देते. त्याआधी लागणारं ना-हरकत पत्र मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून मिळतं. जिथे आयुक्तालय नाही तिथे जिल्हाधिकारी देतात. अंतराबद्दलची हरकत दोन्हीकडे द्या, सोबत नकाशाची प्रत आणि शाळेचा पत्ता जोडा. वॉर्ड ऑफिसात दिलेला अर्ज आपोआप तिकडे पोचत नाही.

गेटला एवढं महत्त्व का देता?

कारण रांग गेटमध्ये तयार होते आणि तुमच्या सर्व्हिस रोडवर उभी राहते. हिशोब करून बघा. पुढच्या गाडीपासूनचं अंतर धरून एक मोटार साधारण सहा मीटर अडवते, ट्रॅव्हल्सची मोठी बस बारा मीटरहून जास्त. गेटपासून इंधनाच्या नळीपर्यंत आत ४० मीटर जागा असेल तर एका रांगेत सहा-सात मोटारी मावतात. आठवी बाहेर. गणपतीच्या आधीचे चार दिवस, मे महिन्यातले शनिवार आणि दिवाळीची सुट्टी यांत आठवी गाडी येणारच आहे.

मागणी लेखी करा आणि ती अशी असू द्या. येण्याचं गेट आणि जाण्याचं गेट वेगळं. येणाऱ्या गाडीला वेग कमी करायला आणि जाणाऱ्या गाडीला वेग घ्यायला स्वतंत्र पट्टा, तोही मॉलच्या हद्दीत. वस्तीच्या गल्लीत उघडणारं गेट नको, ‘फक्त मालवाहतुकीसाठी’ म्हणूनही नको. कारण पुढचं गेट तुंबलं की सुरक्षारक्षक मागचं उघडतो आणि मग ते कायमचं उघडं राहतं. फूटपाथ गेटच्या तोंडाशी तोडायचा असेल, तर पातळी फूटपाथचीच ठेवून गाडीने वर चढावं. शाळकरी मुलांनी आणि काठी घेऊन चालणाऱ्यांनी खाली उतरायचं नाही. रंगवलेला झेब्रा पट्टा पहिल्या पावसाळ्यात पुसला जातो, तेव्हा तेवढ्यावर मान डोलावू नका.

परवानगी कोणाची, हे रस्ता कोणाचा त्यावर ठरतं. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. बाकीच्या रस्त्यांबाबत मालकी आधी विचारून घ्या, नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो.

सीएनजी असेल तर काय वेगळं होतं?

रांगेचं गणितच बदलतं. रिक्षा अंतर धरून साडेतीन मीटर घेते, म्हणजे तीस रिक्षा उभ्या राहिल्या की शंभर मीटरची रांग झाली. मुंबईतल्या कुठल्याही पंपावर पाळी बदलायच्या वेळी हे दृश्य दिसतं.

पंपाला थेट वाहिनीतून गॅस येणार की गाडीवरून सिलिंडरचे संच आणले जाणार, हा प्रश्न नक्की विचारा. गॅस साठ्याच्या जास्त दाबाकडून गाडीच्या कमी दाबाकडे वाहतो. गाडीची टाकी २०० बार (दाबाचं एकक) दाबापर्यंत भरायची असते. साठ्याचा दाब उतरला की फरक कमी होतो, भरणं मंदावतं, टाकी अर्धीच भरते. अर्धी टाकी घेऊन गेलेला रिक्षावाला दुपारी पुन्हा रांगेत येतो, आणि रांग स्वतःच स्वतःला वाढवते. संच बदलायची गाडी कोंडीत अडकली तर सगळंच थांबतं. म्हणून थेट वाहिनी, पुरेशा क्षमतेचा कॉम्प्रेसर आणि रिक्षांसाठी आवाराच्या आत वेगळी रांग, या तीन गोष्टी कागदावर आणा. कॉम्प्रेसर चोवीस तास घरघरतो; तो वस्तीकडच्या भिंतीला नको.

पावसाळ्यात पाणी आमच्याकडे वळेल का?

जमीन उंच करून डांबर किंवा काँक्रीट टाकलं तर वळेल. साधारण ४,००० चौरस मीटर, म्हणजे एक एकराच्या आसपासची जागा घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर दोन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर, एका तासात. मोकळी माती यातलं थोडंफार जिरवायची, काँक्रीट काहीच जिरवत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात हे माप ५० वर नेलं गेलं. भरतीच्या वेळी तेवढंही पाणी वाहून जात नाही.

भराव टाकण्याआधी जागेची पातळी आणि तुमच्या गल्लीची पातळी यांचे फोटो काढून ठेवा. भिंतीवर रंगाने खूण केलीत तर उत्तम. आवारातलं पाणी कुठल्या नाल्याला सोडणार, पंपाभोवतीचं तेलकट पाणी वेगळं करणारा सापळा आहे का, पर्जन्यजलसंधारणाच्या टाक्या किती लिटरच्या, हे मंजूर नकाशावर तपासा.

गटार तुंबण्याचा आणि फूड मॉलचा काय संबंध?

फार जवळचा. दहा-बारा स्वयंपाकघरांतून तेल, तूप, लोणी गरम पाण्याबरोबर आणि साबणाबरोबर पातळ होऊन जातं. वाहिनीत शंभर-दोनशे मीटर पुढे पाणी थंड झालं की ते घट्ट होऊन आतल्या बाजूला चिकटतं. त्यावर भाताची शितं, टिश्यू, चहाचा चोथा बसतो. मॅनहोलचं झाकण उघडलं की आत पिवळसर पांढरा, साबणाच्या वडीसारखा थर दिसतो. तो हाताने तुटत नाही, फावड्याने कापावा लागतो. तुंबतं ते मॉलच्या दारात नव्हे, पुढच्या उताराला, तुमच्या चाळीच्या मोरीत.

यावरचा उपाय म्हणजे ग्रीस ट्रॅप. पाणी कप्प्याकप्प्यांतून सावकाश जातं, तेलकट साय वर तरंगते, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे सरकतं. साय आणि गाळ मिळून खोलीचा चौथा हिस्सा झाला की साफ करायचा, हा कामातला ठोकताळा. तो पाळला नाही तर ट्रॅप फक्त नावाला असतो आणि तेल सरळ पुढे जातं. काही ठिकाणी उकळतं पाणी किंवा रसायन ओतून ‘साफ’ करतात. त्याने साय वितळते आणि वाहिनीत जाऊन गोठते. सफाईची तारीखवार वही आणि साय नेणाऱ्याच्या पावत्या, दर महिन्याला पाहायला मिळाव्यात अशी मागणी करा.

तळणाच्या तेलाचं वेगळं आहे. त्यातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. असं तेल अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवं. तुमच्या टपरीवर कोणी ‘मॉलचं तेल, स्वस्तात’ म्हणून डबा घेऊन आला तर घेऊ नका.

रात्रीचा आवाज आणि दिवे?

रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. फोनवरचं ॲप पुरावा म्हणून टिकत नाही, पण कुठल्या वेळी त्रास होतो हे दाखवायला उपयोगी पडतं. सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या मोटारींच्या नव्हेत, तर बसच्या सुरू ठेवलेल्या इंजिनांच्या, पहाटे माल उतरवताना आपटणाऱ्या क्रेटच्या आणि जनरेटरच्या. माल उतरवायची वेळ सकाळी ७ नंतर, हे आधीच ठरवून घ्या. दिव्यांचे झोत खाली वळवलेले हवेत.

पंपावर मोठं होर्डिंग लावणार असतील तर?

याबाबत अजिबात गय करू नका. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. महापालिकेची कमाल मर्यादा तेव्हा ४० बाय ४० फूट होती. होर्डिंगचा परवाना क्रमांक, माप आणि स्ट्रक्चरल स्थिरतेचं प्रमाणपत्र मागा. मे महिन्याच्या आधी दरवर्षी.

माझ्या दुकानाचा धंदा किती बसेल?

अंदाजाने घाबरू नका आणि अंदाजाने निर्धास्तही राहू नका. तीस दिवस वहीत तीन रकाने ठेवा: वस्तीचं गिऱ्हाईक, रिक्षा-टेम्पोवाले, महामार्गावरून उतरून येणारं गिऱ्हाईक. समजा रोजचा गल्ला ६,००० आणि त्यात महामार्गाचं गिऱ्हाईक १,८०० रुपयांचं. त्यातलं निम्मं गेलं तर रोजचे ९००, महिन्याचे २७,००० रुपये विक्रीतून जातात. रुपयामागे २० पैसे सुटत असतील तर नफ्यातून ५,४००. हा आकडा भाड्याशी आणि पोऱ्याच्या पगाराशी ताडून बघा.

आधी जातं ते बाटलीबंद पाणी, वेफर्स, थंड पेय, बिस्किटं. कारण हा माल सगळीकडे सारखाच. टिकतं ते पंक्चर, बॅटरी, किरकोळ दुरुस्ती, गरम नाश्ता, डबा, ओळखीची उधारी. पंपावर हवा फुकट मिळते, पण रात्री दोन वाजता टायर उतरवणारा माणूस तिथे नसतो.

एक गिऱ्हाईक मात्र नवं येतं, ते म्हणजे मॉलचे कामगार. तीन पाळ्यांतली ही माणसं मॉलमधल्या भावाने रोज जेवू शकत नाहीत. पहाटे पाचचा चहा, पोळी-भाजीचा डबा, राहायला खाट, हे त्यांना वस्तीतूनच हवं असतं. डब्यांची उधारी पंधरा दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. कंत्राटदार बदलला की माणसं एका रात्रीत दुसऱ्या जागी जातात आणि वहीतले पैसे बुडतात. डबे देणाऱ्या घरगुती स्वयंपाकघरालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. तो १४ अंकी क्रमांक डब्याच्या बिलावर छापा.

मॉलमध्ये छापील किमतीपेक्षा जास्त घेतात, ते चालतं का?

दुकानाच्या काउंटरवरून सीलबंद वस्तू विकत घेतली तर छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, आणि एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन किमती छापण्यालाही मनाई आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून, सेवा घेऊन बाटली मागवली तर जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. फूड मॉलमध्ये वाद होतो तो नेमका या दोहोंच्या मधल्या काउंटरवर. बिल घ्या, त्यावर दुकान आहे की उपाहारगृह, हे दिसतं. तक्रार वैधमापन विभागाकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे.

मालक म्हणतो, मॉल येतोय, भाडं दुप्पट कर.

पागडीचे भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तुमच्या पाठीशी आहे. मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नाही. लीव्ह अँड लायसन्सवर असाल तर मुदत संपली की संरक्षण संपतं. म्हणून मॉलची बातमी पक्की होण्याआधी करार पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्या, दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहून घ्या आणि करार नोंदवा. अकरा महिन्यांचा करार ‘दरवेळी होतोच की’ म्हणून सोडून देणारे दुकानदार सगळ्यात आधी उठतात. पोटभाडेकरू असाल तर मूळ करारात पोटभाड्याला परवानगी आहे का, हे आजच वाचा.

मॉलच्या समोरच्या फेरीवाल्यांचं काय?

सार्वजनिक फूटपाथवर मॉलचा काही हक्क नाही. मॉलचा सुरक्षारक्षक गाडी हलवू शकत नाही, माल उचलू तर मुळीच शकत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र असलेल्याला हटवायचं किंवा हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. महापालिकेने माल जप्त केला तर यादी देणं बंधनकारक आहे; दंड भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. यादी न घेता घरी जाऊ नका, नंतर काय उचललं हे सिद्ध करता येत नाही. महापालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणाची पावती, जुन्या दंडाच्या पावत्या, आधार, सगळ्याचे फोटो फोनमध्ये ठेवा.

भांडवल हवं असेल तर सावकाराआधी पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्जयोजना बघा. २०२५ च्या सुधारणेनंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, वेळेत फेडलं की २५,००० आणि मग ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं.

मॉलच्या आत स्टॉल घ्यावा का?

करारातला एक शब्द नीट वाचा: ‘यांपैकी जे जास्त ते’. समजा महिन्याचं भाडं किमान हमी (विक्री कितीही झाली तरी द्यायची रक्कम) ६०,००० रुपये किंवा विक्रीच्या १८ टक्के. विक्री अडीच लाख झाली तर १८ टक्क्यांनी ४५,००० होतात, पण द्यावे ६०,००० लागतात. शिवाय देखभाल शुल्क आणि व्यापारी दराची वीज वेगळी. अनेक ठिकाणी सगळं बिलिंग मॉलच्या यंत्रावर होतं आणि पैसे पंधरा दिवसांनी वळते होतात. तेवढे दिवस भाजी, गॅस, पगार खिशातून. दीड महिन्याचं खेळतं भांडवल हाताशी नसेल तर घेऊ नका. बचत गटासाठी राखीव स्टॉल मागायचा असेल तर किमान हमी नसलेला मागा.

नोकऱ्या स्थानिकांना मिळतील का?

स्थानिकांना ८० टक्के ही अट सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी आहे. फूड मॉलवर तसं बंधन आहे असं धरून चालू नका. तोंडी आश्वासनाऐवजी वस्तीतल्या किती जणांना, कुठल्या कामावर, थेट की कंत्राटावर, हे पत्रावर घ्या. बहुतेक कामं कंत्राटदारामार्फत असतात. पगारातून पीएफ कापला जात असेल तर तो जमा होतोय का, हे दर महिन्याला पासबुकात पाहा. रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या पाळीत बाईला तिच्या संमतीशिवाय ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर घरापर्यंतच्या वाहतुकीची सोय मालकाची.

पंपावरच्या सोयी आम्ही न काही विकत घेता वापरू शकतो का?

हो. पिण्याचं पाणी, शौचालय, टायरची हवा आणि प्रथमोपचार पेटी पंपावर मोफत ठेवावीच लागते. शौचालयाला कुलूप आणि ‘चावी मॅनेजरकडे’ हे उत्तर चालत नाही. पंपावर तक्रारवही असते, तीत तारीख-वेळ घालून लिहा.

इंधन कमी भरल्याची शंका आली तर पाच लिटरचं माप मागा, तो तुमचा हक्क आहे. मापावर वैधमापनचा शिक्का आणि वर्ष बघा. माप आधी एकदा भरून रिकामं करू द्या, सपाट जागी ठेवायला लावा, यंत्र शून्यावर आहे याची खात्री करा आणि मगच पाच लिटर भरू द्या. मानेवरच्या खुणेजवळ डोळा त्याच पातळीला आणून वाचा, वरून वाकून पाहिलं तर आकडा चुकतो. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून तूट असेल तर मापाचा आणि यंत्राच्या क्रमांकाचा फोटो काढा, बिल घ्या आणि तिथूनच वैधमापन विभागाला कळवा.